मांडीची कातडी

माझी थोरली बहीण, आमची आक्का, लोहगडवाडीत टपरी चालवते. गड चढायला आलेल्यांना चहा, भजी, पिठलं-भाकरी देते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कढई उतरवताना तिचा पाय घसरला आणि कडकडीत तेल उजव्या पायावर आलं, गुडघ्याखालपासून थेट घोट्यापर्यंत.

मी तेव्हा लोणावळ्यात बंगल्यांच्या एका सोसायटीच्या गेटवर होतो. आजही तिथंच आहे. येणाऱ्याची पिशवी बघायची, गाडीची डिकी उघडायला लावायची, खोटं बोलणारा ओळखायचा, हे माझं काम. पण संशय माझ्यात नोकरीने आला नाही. औंढ्याला आमचं शेत होतं. ‘मोजणीचा कागद आहे’ असं सांगून एकाने वडिलांची सही घेतली, आणि पुढच्या वर्षी आमच्या बांधावर दुसऱ्याचं तारेचं कुंपण उभं राहिलं. तेव्हापासून कुणी कागद पुढे केला की माझा हात मागे जातो.

दवाखान्यात आक्काला सलाईन लावलं. पायाची पट्टी सारखी भिजायची. मे महिना, पंखा बंद, तरी ड्रेसिंगच्या वेळी तिला हुडहुडी भरायची. मला वाटलं, सलाईनमधूनच काहीतरी चुकीचं देतायत. मी बाटलीवरचं नाव मोबाईलमध्ये टिपून ठेवलं.

आठव्या दिवशी डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या.

“मांडीची कातडी काढून पायाला लावावी लागेल. इथे सही करा.”

“धडधाकट मांडी कशाला सोलायची?” मी विचारलं. “पाय आपोआप भरून येईल की.”

त्या खुर्ची ओढून बसल्या. “दादा, कातडी म्हणजे नुसतं वरचं आवरण नव्हे. आतलं पाणी ती धरून ठेवते, बाहेरचे जंतू अडवते, अंगाची ऊब सांभाळते. मावशींच्या पायावर ती उरलीच नाही. म्हणून पट्टी भिजते, म्हणून थंडी वाजते. जखम अशीच उघडी ठेवली तर जंतू आत शिरतील.”

“आणि मांडी उघडी पडली तर तिथून नाही शिरणार?”

“मांडीचा फक्त वीतभर, वरचा पातळ पापुद्रा घेतो. खालचा थर तसाच राहतो, त्यातून नवी कातडी येते. पायाचा खालचाही थर जळालाय. तिथे नवी कातडी यायला खाली काही शिल्लक नाही.”

पटण्यासारखं होतं, आणि तेच मला खटकलं. वडिलांनाही त्या माणसाचं बोलणं पटलंच होतं. त्यात सकाळीच वाडीतून एकाचा फोन आला होता, “कातडं इकत्यात म्हनं मोठ्या दवाखान्यांत. लक्ष ठेव.” मी म्हटलं, विचार करून सांगतो.

आक्काने पडल्या पडल्या हात पुढे केला. “आना तो कागुद.”

“आक्का, थांब जरा.”

“कातडं माजं हाय. सही बी माजीच.” आणि एकेक अक्षर काढत तिने सही केली.

ऑपरेशन झालं. मांडीवरची पट्टी बघून माझ्या डोक्यात पुन्हा किडा वळवळला. वीतभर म्हणाले होते. मी पट्टीवर वीत लावली, ती दीड वीत भरली. मग उरलेली कातडी गेली कुठे? सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, “पट्टी जखमेपेक्षा मोठीच बांधतात. आणि पायाच्या पट्टीला पाच दिवस कुणी हात लावायचा नाही.”

हात का लावायचा नाही, हा प्रश्न गेटवरच्या माणसाला पडणारच.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्काचा डोळा लागला होता. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी घोट्याजवळची पट्टी सैल केली आणि कड उचलली. आत कातडी होती खरी, पण बारीक छिद्रं पाडून जाळीसारखी ताणलेली. मला वाटलं, थोडकी कातडी ताणून लावली, बाकीची लांबवली. नीट दिसावं म्हणून आतलं कापड ओढलं. ते चिकटलं होतं. जोर लावला तसं काहीतरी सरकलं. मी घाबरून पट्टी होती तशी गुंडाळली आणि पाणी प्यायला बाहेर गेलो.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाईंनी पट्टी उघडली. पोटरीवर कातडी गुलाबी होऊन बसली होती. घोट्याजवळ मात्र दोन बोटं रुंद तुकडा पिवळट आणि सुटा पडला होता.

“हे हललंय,” त्या सिस्टरकडे वळल्या. “सैल बांधली होती का?”

“नाही मॅडम, नीट बांधली होती,” सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या दोघी गेल्यावर आक्का म्हणाली, “जा, सांग डाक्टरबाईला.”

“काय सांगू?”

“मी जागी व्हते. वढ लागली मला.”

“मग तवाच का न्हाई बोललीस?”

“बगितल्याबिगर तू गप बसला नस्तास. म्हून बगू दिलं. हे आसं व्हईल, मला तरी कुटं म्हाईत व्हतं? पन त्या सिस्टरवर नगं ढकलूस.”

मी गेलो आणि दोघींसमोर सगळं सांगितलं. डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “जाळी आम्ही मुद्दाम पाडतो, थोडक्या कातडीत मोठी जखम झाकावी म्हणून. लावलेली कातडी पहिले एक-दोन दिवस खालच्या ओलीवर जगते. मग खालून केसासारख्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरायला लागतात. त्याच वेळी तुम्ही ती ओढलीत.” पुढचे कितीतरी दिवस सिस्टर माझ्याशी बोललीच नाही. आक्काला “मावशी, दुखतंय का?” विचारायची आणि मी उभा असेन तिकडे बघायचीही नाही.

दोन आठवड्यांनी मांडीची पट्टी सुटली. खाली कोवळी, तांबूस, सलग कातडी आलेली. मी वीत लावली. बरोबर वीतभर.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने मला पट्टी बदलायला शिकवलं. “हात धुवा,” म्हणाली. धुतले. “दाखवा.” दाखवले. “परत धुवा.” मी पट्टी बांधत असताना तिची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. तिच्या जागी मीही हलवली नसती.

पोटरी महिनाभरात सुधारली. घोट्याची ती दोन बोटं जागा भरायला पुढे दीड महिना लागला. एक दिवसाआड मी ड्युटी संपवून वाडीत जायचो, हात दोनदा धुवून पट्टी बदलायचो. ती जागा भरली, पण आखडून भरली. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, खाज फार सुटते. आक्का सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळते आणि उन्हात पायावर फडकं गुंडाळते.

टपरी पुन्हा सुरू आहे. चढावर घोटा पुरता वाकत नाही, म्हणून ती जरा लंगडते. पायाला काय झालं असं गिऱ्हाइकाने विचारलं, की “तेलानं भाजलं” एवढंच सांगते. माझं नाव घेत नाही.