तीसपैकी अठरा

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची प्लाटून उत्तरेतल्या एका पोस्टवर चढली. उंची साडेअकरा हजार फूट. पोस्टचं नाव सांगत नाही, न सांगण्याची सवय अजून सुटलेली नाही. मी लान्स नायक, एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, नंबर एक. नंबर दोन शिपाई प्रकाश मेश्राम. नंबर एक फायर करतो. नंबर दोन मॅगझिन देतो आणि गोळी कुठे पडली ते सांगतो. फौजेत अशा जोडीदाराला बडी म्हणतात. दोघंही नागपूरचे, मी सक्करदऱ्याचा, तो जरीपटक्याचा. मी मुसलमान, तो बौद्ध. पलटणीत आम्हाला ‘संतरा पार्टी’ म्हणत. मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे आमचं बोलणं नागपुरीतच चाले. शेजारच्या बंकरमधल्या हरियाणवी हवालदाराला आम्ही दिवसभर भांडतोय असंच वाटायचं.

रमजान त्या वर्षांत हिवाळ्यात येत असे. आम्ही चढलो तेव्हा तो तीन आठवड्यांवर होता. त्याआधीचा महिना शाबानचा, म्हणजे तयारीचा. माझ्या अब्बांच्या घरी शाबानपासूनच जीभ आवरायला शिकवत. मी मात्र दरवर्षी मोठमोठे इरादे करायचो आणि दहाव्या रोजाला ढेपाळायचो. बोलाचीच कढी.

एका दुपारी बंदूक साफ करताना प्रकाशला म्हणालो, “या वर्षी पूर्ण करीन.”

“काय पूर्ण करशीन?”

“सगळंच.”

“सगळंच म्हंजे काईच नाही गा. अंदाजानं फायर करून राहिला तू. टार्गेट लिव्हून ठेव ना.”

प्रत्येक एलएमजीजवळ एक रेंज कार्ड असतं. आपल्यासमोर काय आहे आणि किती अंतरावर आहे, त्याचा साधा नकाशा. काळा दगड शंभर मीटर, तुटकं झाड दोनशे. अंधारात, घाईत, घाबरलेला माणूसही त्यावरून नेम धरू शकतो. प्रकाशने जुनं कार्ड उलटं केलं, पेन्सिल ओली केली आणि माझा रमजान त्यावर काढला. शंभरवर खर्रा बंद. नागपूरच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी, पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. दोनशेवर पाच वेळची नमाज. तीनशेवर पूर्ण कुराण एकदा. चारशेवर मी स्वतः लिहिलं: तीसपैकी तीस रोजे.

“खर्रा मीबी सोडतो,” तो म्हणाला. “माही आई पौर्णिमेले अष्टशील धरते, दुपारनंतर जेवत नाही. मी तिच्यासमोर खर्रा खाऊन बसतो. शोभते का?”

त्याच्याकडे घरून आलेल्या चार पुड्या होत्या. त्या आम्ही दोघांनी मिळून नाल्यात फेकल्या. नंतर दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

रमजान सुरू झाला. लंगरमधून, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातून, पहाटे सव्वाचारला सहरीचा चहा आणि पुऱ्या मिळत. पहाटे आणि संध्याकाळी उजेड बदलताना सगळी पोस्ट हत्यार घेऊन खंदकात उभी राहते. त्याला स्टँड-टू म्हणतात. हल्ल्याची शक्यता तेव्हा जास्त असते. रोजा सोडायची वेळ नेमकी संध्याकाळच्या स्टँड-टूमध्ये यायची. माझे हात बंदुकीवर असत. खजूर प्रकाशच्या कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. बाहेर ठेवले तर दगड होत. तो घड्याळ बघायचा आणि खजूर माझ्या तोंडाशी धरायचा.

“टाइम झाला. खाय.”

अठरा दिवस असेच गेले. त्यांच्याइतकं सुख मला नोकरीत कधी मिळालं नाही.

सोळाव्या दिवसापासून मला चक्कर येत होती. पोस्टवर नर्सिंग असिस्टंट होता, त्याला सांगितलं नाही. नायब सुभेदार साहेबांनी विचारलं, “तबियत ठीक?” मी म्हणालो, “ठीक है साब.” आजाऱ्याने, प्रवाशाने रोजा पुढे ढकलावा, नंतर भरून काढावा, ही सूट धर्मानेच दिली आहे. मला ती लहानपणापासून पाठ होती. पण कार्डावर तीस लिहिलं होतं, आणि मला तीसच हवे होते. ती भक्ती नव्हती. हट्ट होता.

एकोणिसावा रोजा. दुपारी दोनच्या लिंक पेट्रोलमध्ये माझं नाव होतं. चार जण खालच्या पोस्टपर्यंत वाट तपासून परत येत. दीड वाजता हार्नेस बांधायला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रकाशने धरलं.

“पाणी पी.”

“नाही पेत. रोजा हाय.”

“मंग बस खाली. मी जातो.”

“साहेबाले काय सांगशीन?”

“सांगतो, तुह्या पोटात मुरडा आला. तू पडून राय. इफ्तारीच्या आंदी येतो.”

१४०५ ला पेट्रोल निघालं. १५२० ला वायरलेस सेट खरखरला.

“हॅलो ब्राव्हो, चार्ली टू. स्नो स्लाइड. दो जवान दबे हैं. ओव्हर.”

“चार्ली टू, ब्राव्हो. लोकेशन? ओव्हर.”

“नाला क्रॉसिंग. जल्दी भेजो. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

मी फावडं उचललं. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. पाच मिनिटांत पायांत बळ आलं. हेच पाणी मी दीड वाजता प्यायलो असतो, तर पेट्रोलवर मी गेलो असतो. या वाक्याबरोबर मी तेव्हापासून राहतो.

पहिला जवान १६१० ला जिवंत निघाला. प्रकाश १६५० ला सापडला. नर्सिंग असिस्टंटने चाळीस मिनिटं त्याच्या छातीवर दाब दिला. मग थांबला. सूर्य बुडाला होता. प्रकाशच्या आतल्या खिशात चांदीच्या कागदात गुंडाळलेले दोन खजूर होते. ते अजून मऊ होते.

त्याला घेऊन नागपूरला मीच आलो. जरीपटक्याच्या घरात त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. रडून तिचा आवाज बसला होता. तिने एकच विचारलं, “तू जवळ होता ना गा त्याच्या?”

मी मान हलवली. हो म्हणून.

त्या वर्षी माझे रोजे अठरा झाले.

पुढे मी हवालदार होऊन रिटायर झालो. सध्या मनीषनगरच्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गेटवरच्या पोरांना स्टँड-टू शिकवायचा प्रयत्न केला, त्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. प्रकाशच्या आईकडे महिन्यातून दोनदा जातो. मी तिला आईच म्हणतो. रमजानचा चांद दिसायच्या संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. “चांद दिसला का गा?” एवढंच विचारते. आल्यागेल्याला ती सांगते, “सलीम होता ना जवळ. माहा पोरगा एकटा नोता.” बावीस वर्षं तिने या एका गोष्टीवर काढली. आणि ती गोष्ट म्हणजे माझं खोटं होतं.

दर शाबानमध्ये मी अजून रेंज कार्ड काढतो. शंभर, दोनशे, तीनशे. खर्रा तेव्हा सुटला तो सुटलाच. राग कमी केला, अर्धाअधिक. कुराण अर्थासह वाचलं. चारशेवर मात्र दरवर्षी एकच शब्द असतो: आई. तिथे मी कधी फायर केलं नाही.

या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात होती. त्यानंतर शाबानच्या एका जुम्म्याला आमच्या मौलानांनी सांगितलं की रमजानात जाण्याआधी माणसांचं माणसांशी मिटवून घ्या. अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील, माणसाचा गुन्हा त्या माणसालाच माफ करावा लागतो. ते सगळ्यांसाठीच बोलत होते. मी मात्र ताठ बसलो, परेडवर आपलं नाव पुकारलं जावं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जरीपटक्याला पोचलो. आई दारात उन्हाला बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

“ये गा सलीम. चहा ठेवू?”

“नको आई. आंदी ऐकून घे. त्या दिवशी ड्युटी माही होती.”

मग सगळं सांगितलं. चक्कर, हट्ट, मुरड्याचं खोटं, पाण्याची बाटली, खिशातले खजूर. रिपोर्ट देतात तसं, वेळांसकट. वेगळ्या रीतीने मला सांगताच आलं नसतं.

तिचे हात थांबले होते.

“म्हंजे तू नोता त्याच्यापाशी.”

“नोतो, आई.”

“अन् मले काहून हो म्हटलं?”

“हिंमत नाही झाली.”

तिने मांडीवरचे दाणे सुपात झटकले. मग म्हणाली, “जाय आता.”

मी गेलो. स्कूटर सुरू करायला मला तीन वेळा किक मारावी लागली. अकरा दिवस फोन नाही. मीही केला नाही. तिने जा म्हटलं होतं. मन हलकं होतं म्हणे अशाने. माझं झालं नाही. मी आईही गमावली असं वाटत होतं, आणि ते माझ्याच करणीने.

रमजानचा चांद दिसायच्या संध्याकाळी सक्करदऱ्याच्या घराच्या गच्चीवर उभा होतो. सगळा मोहल्ला पश्चिमेकडे बघत होता. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. फोन वाजला.

“चांद दिसला का गा?”

“ढग हाय आई इकडं.”

“इकडं दिसून राहिला. टाकीच्या वरतं, बारीकसा.” मग म्हणाली, “राग हाय मले सलीम. लय राग हाय. तो जाईन तवा जाईन. पण रागापायी तुलेबी गमावू काय? उद्या रोजा सोडाले इकडं ये.”

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच पोचलो. तिने सतरंजी घातली होती. प्रकाशचा युनिफॉर्ममधला फोटो भिंतीवर, समोर मेणबत्ती. ताटात फळं, भजी, पाणी. बाजूला वाटीत दोन खजूर वेगळे ठेवलेले. मी त्यांच्याकडे बघितलं तशी ती म्हणाली, “ते त्याच्या खिशातले समज. तुह्यासाठीच ठेवले होते ना त्यानं?”

शर्टाच्या खिशात यंदाचं कार्ड होतं. शंभर, दोनशे, तीनशेवर यंदाची टार्गेटं होती. चारशेवर मी काही लिहिलं नव्हतं. मशिदीचा भोंगा तिथे नीट ऐकू येत नाही, म्हणून आई भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसली होती, चष्मा कपाळाला टेकवून, अगदी नंबर दोनसारखी. तिने वाटीतला एक खजूर उचलला आणि माझ्या तोंडाशी धरला.

“टाइम झाला,” ती म्हणाली. “खाय.”