अंतिम सामन्यातली शिटी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा धुळ्यात चहाच्या टपरीवर वाद रंगला, खो-खोचं खरं घराणं कोणत्या शाळेचं? एक जण म्हणाला, "आबा, तुमच्याच शाळेचं! मुलींचा कप कधी बाहेर गेलाच नाही." मला एकदम एक अनवाणी मुलगी आठवली. जिल्ह्याचा अंतिम सामना होता. ठरलेले पंच आलेच नाहीत, म्हणून आमच्या शाळेचा शिक्षक असूनही शिटी माझ्याकडे आली. समोरच्या संघातली, खेड्यातून आलेली ती मुलगी खांबाला वळसा घालताना इतकी झुकायची, की वेणी मातीला लागायची. आमच्या मुलींच्या हाती ती येतच नव्हती. आमचेच लोक थक्क होऊन ओरडत होते, "काय पयस वं माय!" असं धावणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आम्ही हरत होतो. तेवढ्यात तिचा एक पाय रेषेबाहेर पडला. दुसरा आत होता, म्हणजे ती बाद नव्हती. तरी मी शिटी फुंकली, आणि आम्ही जिंकलो. सामन्यानंतर रीतीप्रमाणे ती पंचांच्या पाया पडायला आली. "सर, माझा पाय आत होता ना?" तिनं हळूच विचारलं. "माफ कर, पोरी," एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "यशस्वी हो."