पूर्वेकडे फिरवलेला जनरेटर

ही गोष्ट सांगायची मी वीसेक वर्षं टाळली. घरात जुन्या सहलींचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईत, देऱ्यात राहायचो. माझ्या जुन्या पिकअपवर मी झोपण्यापुरती केबिन बसवून घेतली होती. तिच्यातल्या दिव्या-पंख्यासाठी जनरेटर घेतला. धूर आत नको म्हणून चाचांनी मागच्या बंपरला लोखंडी स्टँड जोडून दिला. चाचा म्हणजे आमच्या शेजारचे वेल्डर, मूळचे रत्नागिरीकडचे. चार बोल्ट, खाली रबर, वर नट. नट कसून झाले की ते जनरेटर दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघत. "हलला तर माझं नाव बदला," म्हणत.

त्या वर्षी दसरा शुक्रवारी, सुट्टीच्याच दिवशी आला. तीन कुटुंबांनी रास अल खैमाच्या डोंगरापाशी जायचं ठरवलं. सकाळी बायको पूजेचं ताट घेऊन खाली आली आणि थबकली.

"अहो, या जनरेटरचं तोंड दक्षिणेला आहे."

"मग गाडी वळवतो."

"आणि पार्किंग गेलं तर? अजून सामान चढवायचंय."

तेही खरंच होतं. मी पान्याने चारही नट काढले आणि जनरेटर पूर्वेला फिरवला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पानाही पूजेत मांडला. मग जनरेटर जागेवर बसवून पान्याकडे हात नेला, तर बायको म्हणाली, "आज हत्याराला हात लावायचा नाही."

तेवढ्यात मंडळी आली, चाचाही आले. मुलं "यल्ला, यल्ला, चला लवकर" करत केबिनमध्ये चढली. मी नट बोटांनीच फिरवले आणि निघालो.

वाटेत एका राउंडअबाउटवर मागून दणका ऐकू आला. उतरून पाहिलं, तर जनरेटर एकाच बोल्टवर लटकलेला, गळ्यात झेंडूची माळ तशीच.

"काय चाचा, नवीन नाव काय ठेवायचं?" एका मित्राने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

चाचा वाकून बघत राहिले. "कालच तर कसले होते मी," एवढंच म्हणाले.

दोरीने बांधून जनरेटर डोंगरापर्यंत नेला. पहिल्याच झटक्यात तो सुरू झाला. वाळवंटात मिक्सर घरघरला, पूजेच्या नारळाची चटणी झाली, वडे तळले गेले. आपटा तिथे कुठला? मुलांनी गाफच्या झाडाची पानं तोडली आणि "अंकल, टेक गोल्ड" करत वाटत सुटली. टेपवर गाणी लागली, बायका वाळूतच फुगड्या घालू लागल्या. इतका सुंदर दसरा मी पुन्हा पाहिला नाही.

"आता तरी सांगा त्यांना," बायको हळूच म्हणाली. मी पान घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी मला मिठी मारली, पान खिशात ठेवलं. मी म्हणालो, "चटणी घ्या ना अजून."

त्यानंतर चाचांनी माझ्या गाडीचा एकही नट स्वतः कसला नाही. पाना माझ्या हातात देत. "तूच कस बाबा. माझ्या हातात जोर राहिला नाही."

मी कायमचा भारतात परतलो, तेव्हा ते टॅक्सीपर्यंत सोडायला आले होते. आता ते नाहीत. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच: चाचा, तुम्ही नट घट्टच कसले होते. सोडले मी. मला माफ करा.