पाचची हजेरी

मी भूगोल शिकवायचे. पाऊस का पडतो, भरती का येते, हे तीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. त्यामुळे या सदरातले अतर्क्य अनुभव वाचताना मी आजवर हसतच आले... काहींवर तर पेन्सिलीने शेरेही मारलेत. तरीही हे लिहितेय, कारण ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी सभागृहात मी एकटी नव्हते. बेचाळीस मुली माझ्यासोबत होत्या.

आमची शाळा पेणहून नागोठण्याकडे जाताना, कासू स्टेशनच्या अलीकडे टेकडीवर होती. निवासी. इंग्रजांच्या काळात त्यांच्याच मुलांसाठी बांधलेली. स्वातंत्र्यानंतर ट्रस्टी आपले आले, पण रिवाज तेच राहिले — चार हाउस, प्रीफेक्ट, जेवणाआधी उभं राहून प्रार्थना, एप्रिलच्या उकाड्यातही गळ्यात टाय. आणि रोज संध्याकाळी पाचला हजेरी. प्रत्येक हाउसची वेगळी. नाव पुकारलं की 'हजर' किंवा 'येस' म्हणायचं नाही, 'ॲडसम' म्हणायचं. लॅटिन शब्द. अर्थ एवढाच, की मी इथे आहे.

मुलींच्या हाउसची ही हजेरी वर्षानुवर्षं अष्टमकर सर घेत. लॅटिन आणि इंग्रजीचे शिक्षक. आपल्या कोकणातले मराठी ज्यू. भावंडं, पुतणे सगळे इस्रायलला गेले, सर मात्र रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहिले. लग्न केलं नव्हतं. हजेरीला त्यांनी कधी रजिस्टर आणलं नाही. हात पाठीमागे बांधायचे आणि सगळी नावं तोंडपाठ म्हणायचे. ते निवृत्त झाले तेव्हा हजेरी माझ्याकडे आली. मी रजिस्टर घेऊनच उभी राहायचे.

तो ऑगस्टमधला आउटिंगचा रविवार होता. जवळ नातेवाईक असलेल्या मुलींना सकाळी सोडायचं, त्यांनी साडेचारपर्यंत परत येऊन वहीत सही करायची. दुपारपासून पाऊस वाढत गेला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलंय, रोह्याकडची एसटी बंद झालीय, असा निरोप ऑफिसमधून आला होता. माझ्या वहीत मात्र सगळ्या सह्या झालेल्या होत्या. मी निश्चिंत होते.

पाच वाजले. मुली सभागृहात रांगेत उभ्या. मी रजिस्टर उघडणार, तोच पुढच्या मुली सावरून ताठ झाल्या. मी वळून पाहिलं. दारात अष्टमकर सर.

पांढरा शर्ट, करडी पँट, नेहमीसारखे. मला आनंदच झाला.

"सर, तुम्ही? एवढ्या पावसात?"

"आज मी घेतो, बाई," ते म्हणाले.

पुढे येऊन ते माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांच्याकडे छत्री नव्हती. आणि ते कोरडे होते... शर्ट, बूट, केस, सगळं. हे मला दिसलं, पण तेव्हा डोक्यात शिरलं नाही. पाहुणे आलेत एवढंच वाटलं.

त्यांनी हात मागे बांधले आणि नावं सुरू केली. प्रत्येक नावाला 'ॲडसम' येत होतं, मी रजिस्टरमध्ये खूण करत होते. एकही चूक नाही. पुढे म्हणाले, "मेधा म्हात्रे."

उत्तर आलं नाही.

"मेधा म्हात्रे."

मी वहीत पाहिलं. सही होती. मान उंचावून रांग पाहिली, पण मागचे चेहरे नीट दिसेनात. सर रांगेकडे बघतच नव्हते. खिडकीतून बाहेर, खालच्या उताराकडे बघत होते. तिसऱ्यांदा त्यांनी नाव घेतलं ते मोठ्याने, समोरच्या डोंगरावरल्या माणसाला हाक घालावी तसं.

"मेधा म्हात्रे!"

मग शांतपणे मला म्हणाले, "ही आलेली नाय."

तेवढ्यात मागच्या रांगेतून रडण्याचा आवाज आला. शुभांगी, मेधाची मैत्रीण. मी धावत तिच्याजवळ गेले. हुंदके देत ती सांगू लागली. दोघी मेधाच्या मावशीकडे कासूला गेल्या होत्या. परत येताना अर्ध्या वाटेत मेधाच्या लक्षात आलं की टाय मावशीकडेच राहिला. टाय नसेल तर पुढचे दोन रविवार आउटिंग बंद. ती शुभांगीला म्हणाली, तू माझी सही कर, मी पाचच्या आत येते. आणि आडवाटेने मागे पळाली.

"हजेरीला तिच्या नावाला मीच ॲडसम म्हणणार होते, मॅडम," शुभांगी म्हणाली. "तोंड उघडलं पण... आवाजच आला नाय."

आडवाटेवर ओढा होता, त्यावर लाकडी साकव. पीटीचे सर, माळीकाका आणि मेसमधले दोघे दोर घेऊन धावले. मी मागून. साकवाच्या दोन फळ्या निघाल्या होत्या. थोडं खाली मेधा एका झाडाच्या मुळीला धरून होती, पाय दगडांत अडकलेला, पाणी छातीच्या वर. माळीकाका दोराने उतरले. तिला वर घेतलं तेव्हा टाय तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता. दहाएक मिनिटांत पाणी त्या मुळीवरून गेलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सर कुठे गेले ते कोणीच पाहिलं नव्हतं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "दुपारपासून कोण आत आला नाय नि कोण बाहेर गेला नाय."

दुसऱ्या दिवशी सिकरूममध्ये मेधा तापात होती, पण बोलत होती. "मॅडम, मी हात सोडणारच होते. मग कोणीतरी माझं पूर्ण नाव घेतलं. तीनदा. मी तिन्ही वेळा ॲडसम म्हटलं. ऐकू नाय आलं का तुम्हाला?"

"कोणाचा आवाज होता गं?"

"माहीत नाय. पुरुषाचा. आपल्या शाळेतला नव्हता."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मेधा आदल्या वर्षी शाळेत आली होती. सर त्याच्या तीन वर्षं आधी निवृत्त झाले होते. तिचंच काय, रजिस्टरमधली निम्मी नावं त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

रस्ता सुरू झाल्यावर बुधवारी मी अष्टमीला गेले. वाटेत मनाची तयारी केली होती... अशा गोष्टींत शेवटी काय ऐकायला मिळतं ते आपल्याला माहीत असतं. पण सर पडवीत खुर्चीवर बसले होते. जिवंत. डावा पाय प्लास्टरमध्ये.

"या बाई! पंधरा दिवस झाले, घसरून पडलो. संडासला जायचं तरी दोन माणसं लागतात."

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेजारच्या सुगंधाताई त्यांचं चहापाणी बघायच्या, त्या दारात उभं राहून ऐकत होत्या.

"रविवारी पाचला मी चहा आणला व्हता," त्या म्हणाल्या. "सर याच खुर्चीत. हलवले, हाका मारल्या, उठंनात. हात असे गार! मी माझ्या लेकाला डाक्टरकडे धाडनार, तवर डोळे उघडले."

"तुम्हाला काही आठवतं, सर?" मी विचारलं.

"नाय." मग हळूच म्हणाले, "ही मेधा कोण, बाई? मी ओळखत नाय तिला."

ते घाबरले होते. तीस वर्षं वर्गाला धाकात ठेवणारा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. मी आभार मानायला गेले होते, पण ते राहूनच गेलं. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की हे शाळेत बोलू नका.

त्यानंतर सर सहा-सात वर्षं होते. मी कधीमधी भेटायला जायचे. सुगंधाताई सांगायच्या, पाय बरा झाल्यापासून सर दुपारचं झोपत नाहीत. रोज साडेचारला बूट घालतात आणि कुंडलिका नदीच्या पुलावर जाऊन उभे राहतात, गाड्यांच्या, माणसांच्या गर्दीत. साडेपाचला परत.

एकदा मीही पुलावर त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि विचारलं, इथे रोज का येता?

"जागं राहायला," ते म्हणाले. "झोपलो आणि परत कोणाचं अडलं तर जावं लागंल. जायला ना नाय, बाई. पण त्या दिवशी परत कसा आलो, ते मला ठाऊक नाय."

मलाही ठाऊक नाही. ना तेव्हा, ना आता.