घुबडामागची टाकी

गल्लीत सगळे तिला भिंगवाली म्हणायचे. भिंग लावून आसपासच्या रानपाखरांची चित्रं काढायची आणि एक पीस जरी चुकलं तरी अख्खा कागद टराटरा फाडायची! मागचं झाडही तसंच. खोडाला गाठ असेल तर गाठ, पलीकडे पाण्याची टाकी असेल तर टाकी.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिची चित्रं लावली होती. एक चष्मेवाला घुबडाच्या चित्रासमोर उभा राहिला, तो हलेचना. ढोलीच्या तोंडाशी घुबड, आतून दोन गुबगुबीत पिल्लं डोकावत होती, आणि हा बघत होता टाकीकडे! भिंगवालीला एकदम आठवलं. मागच्याच वर्षी एका ढोलीतली पिल्लं कुणीतरी पिशवीत घालून नेली होती.

"कुठलं झाड हो ताई हे?"

"मनातलं."

"काहीतरीच! तुम्ही मनातलं पानसुद्धा काढत नाही, खाली ग्रंथपाल सांगत होते." तो हसला. "टाकी बघितल्यासारखी वाटते, पण कुठे ते आठवत नाही. फोटो काढू?"

"नाही."

"बरं, मग चित्रच घेतो. उद्या येतो."

तो गेल्यावर सोबत आलेली भावजय म्हणाली, "वन्सं, पहिलंवहिलं गिऱ्हाईक आणि तुमचं तोंड असं?"

"अगं, त्याने पिल्लांकडे पाहिलंच नाही."

"मग काय तुमच्याकडे बघायला हवं होतं? तुम्ही तर पोस्टमनवरसुद्धा संशय घेता!"

ते खरंच होतं. असेल बिचारा साधा माणूस, लहानपणी राहिला असेल टाकीजवळ. पण नसेल तर? आपण तर पत्ताच काढून भिंतीवर लावलाय! तिने चित्र उतरवलं, काच काढली, स्पंज ओला केला. चार महिन्यांचं काम. आधी टाकी पुसली, मग गाठ, फांद्या, सगळं. उरली ढोली, घुबड आणि पिल्लं, आणि भोवती मळकट पाणी फिरल्यासारखा कागद.

"अहो वन्सं, काय केलंत हे!" भावजय रडायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आला. चित्रासमोर थांबला. चेहरा पडला त्याचा.

"टाकी कुठे गेली?"

"घुबड आहे ना? घुबडच घेताय ना तुम्ही?"

"नको, राहू दे आता," म्हणत तो जिना उतरला.

भिंगवाली खिडकीशी गेली आणि तो कुठल्या रस्त्याला वळतो ते बघत राहिली.