मामांच्या ओळखीची भुतं

भुतांना भिणारी माणसं गावोगाव असतात, पण मेलेल्यांची इतकी धास्ती घेऊन जगलेला माणूस आमच्या डोंगरकडा गावच्या थोरल्या मामांसारखा दुसरा झाला नसेल. जित्या माणसांची नावं ते विसरत, भुतांचे मुक्काम मात्र तोंडपाठ. पिंपळावर मुंजा, पडक्या विहिरीत हडळ, केळीच्या बागेत खवीस. चकवा लागेल म्हणून ते नेहमीची पायवाट सोडून लांबच्या वाटेनं जात आणि हटकून रस्ता चुकत. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नसत. एकदा शेतात मी गुडघाभर चिखलात रुतलो. दोन हाका वाया गेल्यावर रडकुंडीला येऊन तिसरी मारली, तेव्हा मामा आले आणि वर मलाच म्हणाले, "लवकर लवकर वरडायला काय झालं व्हतं?"

मामी मात्र निर्धास्त बाई. अंधार पडला की न्हाणीपर्यंतसुद्धा ती पुढं आणि मामा मागं. "आवं, मी मेल्यावर कुणाच्या मागं जासाल?" ती विचारायची. मामा दबक्या आवाजात म्हणायचे, "वंगाळ बोलू नको. कुणी ऐकून राहिलं असल."

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. ज्या घरात बायको गेली त्या घरात हा माणूस एकटा राहणार कसा, याचा आम्हाला घोर लागला. मामा जेवत नव्हते, नुसते खोलीच्या कोपऱ्याकडं बघत बसायचे. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं, मामीनं प्राण सोडला त्या जागी ज्वारीचं पीठ पसरून वर बांबूची पाटी झाकली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्याचा जन्म गेलेल्या माणसाला मिळाला असं धरतात.

सकाळी मामांच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे माझ्या मावशीनं, पाटी उचलली. पिठावर बारीक बोटांची खूण होती.

"पाखराचा जन्म भेटला," मावशीनं हात जोडले. "सुटली बया."

मला हायसं वाटलं. आता मामांना भ्यायचं कारण उरलं नाही.

मामा वाकून बघत होते. "बराबर पाह्य. कोंबडी फिरली असल."

"कोंबड्या कोंडल्या व्हत्या, दादा."

"मंग ती आता घरात न्हाई?"

मावशीनं हातातली पाटी भिंतीला टेकवली.

"गावचे समदे मेलेले वर्सानुवर्स हितंच राहून राहिले," मामा म्हणाले, "अन् हिलाच काहून येवढी घाई झाली?"

माझ्याबरोबर हिंगोलीला चला, मी म्हणालो. मामांनी नकारार्थी मान हलवली, तळहातानं पीठ हळूहळू सारखं केलं आणि पाटी पुन्हा झाकली.

"उद्या पाहू," ते म्हणाले.