कमळूने पाहिलेली तोंडे

ओव्या आणि म्हणी गोळा करायला निघालेल्या माणसाच्या वहीत किस्से न बोलावता येऊन बसतात. एक समासात, दुसरा मलपृष्ठाच्या आत. आणि काही वर्षांनी पाहावे तर ओव्यांपेक्षा त्यांचीच पाने अधिक! माझ्या मुरबाडच्या वह्यांचे असेच झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेची ती वर्षे. मी तिथे शाळामास्तर होतो आणि शाळा सुटली की सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसत असे. त्या वह्यांत सर्वाधिक वेळा आलेले नाव कमळूचे.

कमळू मूळचा बैलांचा दलाल. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा ओठ वर करून दात आणि जीभ पाहायची आणि त्याचे वय, खोड, दुखणे सांगायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. आमच्या डॉक्टरांनी त्याला तिथेच पाहिले. एका देखण्या बैलाची जीभ अंगठ्याने दाबून तो गिऱ्हाइकाला म्हणत होता, "घेऊ नको रे. शिंगं रंगवलीत, जीभ कशी रंगवतील?"

डॉक्टरांनी त्याला जखमा धुण्याबांधण्याच्या कामावर घेतले. नेमणूक मात्र हंगामी. दरसाल ठाण्याहून पत्र येई: सदर इसम कोणत्या पात्रतेवर रोग्यांच्या तोंडाला हात लावतो? त्या एका प्रश्नावर कमळूची भाकरी टांगलेली होती.

*

सापगावची एक बाई तापलेले मूल घेऊन आली. नाक वाहते, डोळे लाल. डॉक्टर छाती तपासत होते, तेवढ्यात कमळूने मुलाचा गाल उजेडाकडे वळवून आत पाहिले. दाढेसमोर मिठाच्या कणींसारखे पांढरे ठिपके!

"गोवर येतोय गो. परवापातूर अंगावर दिसंल."

"तुझ्या जिभंला हाड हाय का नाय?" बाई कडाडली.

तिसऱ्या दिवशी मुलाचे अंग गोवराने फुलले. डॉक्टरांनी रात्र पडण्याआधीच जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला आणि ते धावत ओट्यावर आले. "कमळू, अरे, हे ठिपके पुस्तकात आहेत!"

कमळू शांतपणे म्हणाला, "मंग त्या पुस्तकवाल्याकडंबी बैलं असतील."

*

लोकविद्येची एक रीत इथे नोंदवण्याजोगी आहे. ती आधी उपमा शोधते आणि उपमेच्या वाटेने निदानापर्यंत पोहोचते. उंबरमाळीकडची एक सून चार पावले चालली की धापा टाकी. सासूच्या मते तिला झपाटले होते. कमळूने जीभ पाहिली: फिकट, गुळगुळीत. "ही तर पुसलेली पाटी हाय. चुलीची माती खातेस का गो?"

सून लाजून खाली पाहू लागली. खात होती! डॉक्टरांनी जंतांचे औषध आणि लोहाचा काढा लिहून दिला, तशी सासू उसळली. "आमी भगताला कोंबडा दिला, त्याचं काय?"

"तो हिलाच घातला असतास, तर ही पायपीट वाचली असती, म्हातारे!" कमळू म्हणाला.

*

त्याची चूक झालीच नाही असे मात्र नाही. शहापूरकडच्या एका म्हाताऱ्याची जीभ जांभळी-काळी पाहून तो ओरडला, "डॉक्टर, पळा! ह्याचं काळीज थांबतंय!" डॉक्टर नळी घेऊन पळत आले. म्हाताऱ्याने मुंडाशाच्या घडीतून मूठभर जांभळे काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या, गोड हायत."

त्या दिवसापासून दवाखान्याच्या दाराशी पाण्याची घागर आली आणि कमळूचा नियमही: आधी चूळ भर, मंग दुखणं सांग! पुण्यामुंबईच्या कोणत्या इस्पितळात इतकी शास्त्रशुद्ध शिस्त होती, ते मला कोणी दाखवावे.

*

तोंडाविषयीची एखादी म्हण मिळावी म्हणून मी त्याला फार दिवस छळत होतो. एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, आ करा." ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले, जीभ लालभडक. "गिरणीचा पांढरा भात आन् लोणचं. दुसरं काय खाता?"

मी दुसरे काहीच खात नव्हतो.

"गानी गोळा करत रानोरान फिरता. येताना भाजीबी गोळा करत जा!"

*

अखेर एका वर्षी पत्राऐवजी ठाण्याचे मोठे डॉक्टरसाहेबच आले. बरोबर कमळूला काढून टाकण्याचा हुकूम, टंकलेखन केलेला. सही तेवढी बाकी. आमच्या डॉक्टरांनी गोवर सांगितला, सून सांगितली, माझ्या चिरलेल्या ओठांचीही साक्ष काढली. साहेब ऐकेनात.

"बैल पाहणारा माणसे तपासणार? हा दवाखाना आहे की गुरांचा बाजार!"

साहेब रागावले होते, त्यामुळे तोंड पुरेसे उघडत होते. मध्येच त्यांनी पाणी मागवले. एक पेला, दुसरा, तिसरा. कमळू हात जोडून उभा होता. नजर मात्र साहेबांच्या ओठांवरून हलत नव्हती.

साहेबांनी पेन उघडले. "तुला काही म्हणायचे आहे?"

"सई करा, सायेब. हुकूम तुमचा हाय. पन हिरड्या सुजल्यात, बोलताना पुढचे दात हलतात, आन् तीन पेले पानी पिऊन जीभ टाळ्याला चिकटलेलीच. तुमी लघवी करता तिथं मुंग्या येतात का?"

साहेबांनी सावकाश पेनाला टोपण घातले. आमच्या डॉक्टरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी खालच्या आवाजात विचारले,

"माझी बायको इथे येऊन गेली काय?"